डोंगरदेवाचं हसरं मुंडकं

डुकराचं मुंडकं हसरं हवं, याबद्दल देवदार वसाहतीच्या गिर्यारोहण मंडळात कधीच दुमत झालेलं नाही. थंडी सरता सरता, चढाईचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, डोंगरदेवाची पूजा करायची आणि 'यंदा आमच्यापैकी कुणाला पडू देऊ नकोस' असं त्याला सांगायचं. आता हे सांगताना समोर रुसलेलं मुंडकं ठेवलं, तर देव तरी कोणत्या तोंडाने हो म्हणेल? वाद असायचे ते त्याच्या पुढचे. हसू गालातल्या गालात असावं की दात दाखवून, कान उभे हवेत की पडलेले, यावर आमच्याकडे चांगल्या चांगल्या माणसांनी एकमेकांशी बोलणं सोडलेलं आहे.

यंदा मात्र वाद थेट जागेवर आला. नवे अध्यक्ष बांग तेशिक यांनी निवडणुकीच्या भाषणात सांगून टाकलं होतं की पूजा यापुढे पायथ्याच्या वाहनतळावर होणार नाही. ती वर होईल, मेबोंगसान डोंगराच्या खांद्यावर, बर्फात, देवाच्या दारात. "वाहनतळावर पूजा करणं म्हणजे घरमालकाला फाटकाबाहेर बोलावून तिथूनच वाटेला लावणं!" असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की बांगसाहेबांचं भान सुटतं. तिथेच त्यांनी हेही जाहीर केलं की मुंडकं वाहून नेण्याचा मान अध्यक्षाचा राहील.

माजी अध्यक्ष शिम मानसू पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. कितीतरी वर्षं मंडळ त्यांच्या तालावर चाललेलं होतं. पानगळीत गुडघ्याची वाटी बदलावी लागली म्हणून खुर्ची सुटली, नाहीतर बांगसाहेबांना कोण विचारत होतं? शिमसाहेब एवढंच म्हणाले, "उत्तम. फक्त एक लक्षात ठेवा, अध्यक्षसाहेब. पूजा बिघडली की वर्ष बिघडतं. आणि वर्ष बिघडवणारा अध्यक्ष आपल्या मंडळाने पूजेनंतरच्या सभेत ठेवून घेतल्याचं मला तरी आठवत नाही."

बांगसाहेबांना हे परवडणारं नव्हतं. विमा कंपनीत ते विभागप्रमुख होते. गेल्या वसंतात निवृत्त झाले आणि आठवडा उलटायच्या आत जगाने त्यांचा हुद्दा पुसून टाकला. दातांच्या दवाखान्यात ते 'आजोबा' झाले, मंडईत 'काका' झाले आणि बँकेच्या खिडकीवर नुसते 'पुढचे'. सगळ्या शहरात त्यांना साहेब म्हणणारं आता हे एकच मंडळ उरलं होतं. मंडळाच्या चिटणीस मुनबाईंचा फोन आला की बांगसाहेब तो मोठ्या आवाजावर ठेवत, म्हणजे स्वयंपाकघरात पत्नीला 'अध्यक्षसाहेब' हा शब्द नीट ऐकू जावा. हेसुकबाईंना तो नीट ऐकू जाई. त्या नळ जोरात सोडत.

बांगसाहेब रीतीभातीचे गृहस्थ. आधी परवानगी काढायची म्हणून त्यांनी, डोंगर ज्या उद्यानात येतो त्याच्या कार्यालयाला फोन लावला.

"पूजा धार्मिक आहे की सांस्कृतिक?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"गिर्यारोहणाची आहे."

बाईंनी फोन क्रीडा विभागाकडे दिला. क्रीडा विभागातल्या माणसाला 'मुंडकं' हा शब्द ऐकून ठसका लागला. त्याने फोन स्वच्छता विभागाकडे दिला. तिथे मुंडकं कच्चं की शिजवलेलं, अशी चौकशी झाली आणि शिजवलेलं म्हटल्यावर तो प्रश्न खाद्यपदार्थांत गेला. खाद्यपदार्थवाले जेवायला गेले होते. शेवटी फोन वनविभागातल्या एका थकलेल्या आवाजापाशी पोचला.

"फाटकाच्या वर मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही, चूल नाही, दारू नाही," आवाजाने सांगितलं. "वणव्याचे दिवस आहेत."

"अहो, वर गुडघाभर बर्फ आहे. वणवा लागेल कशाला?"

"साहेब, नियम तारखेला सुरू होतो. बर्फाला विचारून नाही."

"बरं. आणि मुंडकं?"

पलीकडे बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज आला. "मुंडक्याबद्दल काही लिहिलेलं नाही," आवाज म्हणाला, आणि पुढचं काही विचारायच्या आत फोन ठेवला गेला.

बांगसाहेबांना एवढं पुरेसं होतं. जे कलमात लिहिलेलं नाही ते ग्राहकाला मिळत नाही, हे लोकांना समजावून सांगण्यात त्यांची हयात गेली होती. आता पहिल्यांदाच ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले होते, आणि जे कलमात नाही ते सगळं आपलं, असं त्यांनी ठरवून टाकलं. दारूच्या जागी देवाला भाताचं गोड पाणी द्यायचं ठरलं. ही बातमी शिमसाहेबांपर्यंत गेली तेव्हा त्यांनी काळजीने विचारलं, "देवाला पथ्य सांगितलंय का कुणी?"

मग मुंडक्याची खरेदी. मंडईतल्या ग्वॉन मावशींकडे पोचायला बांगसाहेबांना उशीर झाला.

"हसरी सगळी उठली," मावशी म्हणाल्या. "सगळ्या मंडळांना याच आठवड्यात देव आठवतो. हे बघा, हे अर्धं हसतंय."

"अर्धं कसं?"

"डावीकडून बघा. देवाला डावीकडे बसवायचं."

"मावशी, देवाला कुठे बसवायचं ते मी कसं ठरवणार?"

"मग हे घ्या. पण हे जरा जास्तच हसतं हं, आधीच सांगते."

ते खरोखरच जास्त हसत होतं. बांगसाहेबांच्या कंपनीचे विभागीय संचालक त्यांना निरोपाचा गुच्छ देताना हुबेहूब असेच हसले होते. दुसरा इलाज नव्हता. मावशींनी मुंडकं प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दिलं. "गार जागी ठेवा, नाहीतर हसू उतरतं," असंही बजावलं.

आमच्याकडे लिफ्ट म्हणजे गावचा पार. बांगसाहेब पिशवी घेऊन आत शिरले आणि दार बंद व्हायच्या आत सल्ले सुरू झाले.

"अय्या, खरं आणलंत?" चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या. "हल्ली तांदळाच्या पिठाचं मिळतं. नाकपुड्यांसकट! वास नाही, काही नाही, वर मुलं आवडीने खातात."

"आमच्या जुन्या मंडळात टॅबलेटवर चित्र लावतात," निवृत्त मास्तर म्हणाले. "हसू कमी-जास्त करता येतं."

"मास्तर, टॅबलेटचं सूप करता येतं का?" बांगसाहेबांनी विचारलं. मास्तर आपला मजला नसतानाही उतरून गेले.

नवव्या मजल्यावरच्या आजी पुढे सरकल्या. त्यांनी पिशवीपुढे वाकून दोन्ही हात जोडले, प्लास्टिक जरा सारलं आणि कनवटीची, घडी केलेली नोट मुंडक्याच्या तोंडात खोचली. "सुनेला यंदा नोकरी लागू दे," त्या म्हणाल्या.

"आजी, पूजा अजून व्हायची आहे. तेव्हा घालतात."

"तेव्हा तुम्ही गर्दीत माझं सांगायला विसराल," आजी म्हणाल्या आणि उतरल्या.

घरी हेसुकबाई दारातच उभ्या होत्या. "ते माझ्या किमचीच्या फ्रिजमध्ये जाणार नाही," त्या म्हणाल्या. बांगसाहेबांनी अजून तोंडही उघडलेलं नव्हतं.

"अगं जिउनची आई, देवाचा नैवेद्य आहे तो."

"मग देवाच्या घरी ठेवा. माझ्या घरात एक हट्टी डोकं आहे, ते पुरे आहे."

मुंडकं गच्चीत गेलं. थंडी अशी पडली की सकाळी ते दगड झालेलं होतं. त्याचे कान वाकत नव्हते, त्यामुळे पाठपिशवीची चेन लागत नव्हती. बांगसाहेबांनी खटपट करून पाहिली आणि शेवटी कान बाहेर ठेवूनच निघायचं ठरवलं.

हेसुकबाई डोंगराच्या वाटेला कधी गेलेल्या नाहीत. उतरायचंच असेल तर चढायचं कशाला, हा त्यांचा प्रश्न आहे आणि मंडळातल्या कुणालाही त्याचं उत्तर आजवर देता आलेलं नाही. पण पूजेनंतरच्या सुपाचं काम मुनबाईंनी त्यांच्या गळ्यात मारलं होतं. त्यामुळे त्या पातेलं घेऊन वाहनतळावर हजर होत्या. तिथे दुसरंही एक टोळकं होतं, शिमसाहेब आणि त्यांच्यासारखेच पाचसहा गुडघेवाले. ही मंडळी वर येणं शक्यच नव्हतं.

"आम्ही इथूनच नमस्कार करू," शिमसाहेब हसून म्हणाले आणि लगेच दुसरीकडे बघू लागले. मग वळून म्हणाले, "बुटांना काटे इथेच लावा, अध्यक्षसाहेब. पहिल्या वळणानंतर नुसती काच आहे."

"सरावलेले लोक वर लावतात," बांगसाहेब म्हणाले.

फाटकावर वनरक्षक उभा होता. "पिशवीत काय आहे?"

"जेवण."

"एकट्याचं?"

"मंडळाचं."

वनरक्षक मागे जाऊन उभा राहिला. त्याने दोन कान पाहिले. मग वाकून मधलंही पाहिलं. "तुमचं जेवण माझ्याकडे बघून हसतंय, साहेब."

"नियमात बसतं. मी फोन केला होता."

या वाक्यापुढे आमच्याकडे कुणाचं काही चालत नाही. वनरक्षक बाजूला झाला. "सावकाश जा. तुम्ही वर पडलात की मला यावं लागतं," एवढंच म्हणाला.

हिवाळ्याच्या शेवटाला मेबोंगसान कसा असतो ते जाणारालाच ठाऊक. दुपारी वरचा बर्फ ओघळतो, रात्री पुन्हा थिजतो, आणि साऱ्या हिवाळ्यातल्या बुटांनी तुडवून तुडवून वाटेची मधून खोलगट पन्हळ झालेली असते. बाजूला मऊ बर्फ, मध्ये गुळगुळीत. मुनबाई आणि इतर धडधाकट मंडळी काटे खणखणवत पुढे निघून गेली. जाताना त्यांनी मुंडकं आळीपाळीने घेऊ म्हणून पाहिलं, पण अध्यक्षाचं ओझं अध्यक्षच उचलणार, असं सांगून बांगसाहेबांनी त्यांना वाटेला लावलं.

पहिल्या वळणावर ते बसले. म्हणजे बसायचा विचार नव्हता. उठले आणि कुणी पाहिलं नाही ना, हे पाहिलं. दुसऱ्या वळणावर पुन्हा बसले. या वेळी पाहणारे भरपूर होते. कुठल्याशा मंडळाच्या सातआठ बाया वरून उतरत होत्या. त्यांनी त्यांना दोन्ही काखांत धरून उभं केलं, हातात सोललेलं संत्रं दिलं आणि संत्र्याबरोबर सल्लेही दिले.

"पुढे वाका."

"अगं पुढे काय, मागे वाकायचं. काठी कुठाय तुमची?"

"काही वाकू नका. बदकासारखं चाला, बदकासारखं. असं बघा."

त्या बाईंनी बर्फावर बदक करून दाखवलं. बांगसाहेबांनीही केलं. माजी विभागप्रमुख, पाठीवर डुकराचं मुंडकं, तोंडात संत्रं आणि बदकाची चाल. बायांना फार कौतुक वाटलं. त्यांतली एक म्हणाली, "शाब्बास, आजोबा!"

हा शब्द वर्मी लागला. पुढच्या वळणावर कुणी दिसत नाही असं पाहून त्यांनी बुटांना काटे लावायचं ठरवलं. उजव्या बुटाला लावले. डाव्या बुटाला लावण्यासाठी ते अधिक खाली वाकले आणि उघड्या पिशवीतलं मुंडकं त्यांच्या मानेला गार स्पर्श करत डोक्यावरून पुढे आलं, बर्फावर पडलं आणि क्षणभर त्यांच्या नाकासमोर थांबलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मुंडकं हळूच मागे सरकलं आणि त्यांच्या दोन पायांमधून उताराला लागलं.

बांगसाहेबांनी कान धरायचा प्रयत्न केला. हातमोज्यातून कान सुटला. ते गर्रकन वळले, पण काटे असलेला पाय जागच्या जागी रुतून बसला आणि काटे नसलेला पाय मुंडक्याबरोबर निघाला. अशा परिस्थितीत माणसाने काय करावं, याचं मार्गदर्शन मंडळाच्या वाङ्मयात कुठेही नाही. ते पाठीवर आले, चष्मा उडाला, तो उचलताना त्याच्या काचेचे दोन तुकडे हातात आले. मग तेही पन्हळीतून खाली निघाले, आपणहून नव्हे, पण फारसा विरोधही न करता.

खालून बायांचा आरडाओरडा ऐकू आला. "बाजूला व्हा! डुक्कर येतंय!" आणि थोड्या वेळाने, "थांबा थांबा, अजून एक येतंय!"

मुंडकं फाटकाच्या दांड्याखालून निसटून गेलं. बांगसाहेब दांड्याला अडकले. वनरक्षकाने त्यांना उभं केलं, पाठीवरचा बर्फ झटकला आणि आदबीने सांगितलं, "साहेब, तुमचं जेवण पुढे गेलंय."

तेवढ्यात फोन वाजला. वरून मुनबाई. "अध्यक्षसाहेब, आम्ही खांद्यावर पोचलो. मुंडकं कुठवर आलं?"

"खाली गेलं."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खाली, मुनबाई."

"आणि तुम्ही?"

"मीही त्याच वाटेने चाललोय," बांगसाहेब म्हणाले. खुर्ची गेली, हे त्यांना त्याच क्षणी कळून चुकलं होतं. ज्याला देवासमोर मुंडकं धड ठेवता येत नाही त्याला कोण अध्यक्ष ठेवील? उद्यापासून दाताच्या डॉक्टरकडे आजोबा, मंडईत काका, आणि बाकी दिवसभर कुणी नाही.

फाटकापासून वाहनतळापर्यंत सरळ उताराचा रस्ता आहे. तोही गोठलेला होता. मुंडकं त्यावरून आपल्या मर्जीने उतरलं, मंडळाच्या बसला वळसा घालून गेलं आणि सुपाच्या पातेल्याजवळ बर्फाच्या ढिगात जाऊन थांबलं. हेसुकबाईंनी पळी वर धरली, रस्त्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मुंडकं पोचलं. आता मागून धडही येईल."

धड आलं. लंगडत, एका बुटाला काटे, एका हातात चष्म्याचे तुकडे. हेसुकबाईंनी आधी त्यांचं ढोपर पाहिलं, मग कोपर पाहिलं, मग दुसरं ढोपर पाहिलं, आणि कुठे काही मोडलेलं नाही अशी खात्री पटल्यावर त्या रागावल्या. पण बांगसाहेबांचं लक्ष तिकडे नव्हतं. ते बसच्या पलीकडे बघत होते.

तिथे बर्फ झाडून चटई अंथरलेली होती. चटईवर एक सुका मासा, चार पेअर, तांदळाची लाल दाण्यांची वडी. आणि मधोमध फळांच्या खोक्यावर टेकवून ठेवलेला शिमसाहेबांचा मोबाइल. त्यावर डुकराचं चित्र होतं, कुण्या नातीने पाठवलेलं, गुलाबी, डोक्यावर फुलांची टोपी घातलेलं. गुडघेवाले गुपचूप आपली पूजा उरकून घेणार होते. वर गेलेल्यांना सांगायचं नव्हतं.

सगळेच अवघडले. शिमसाहेबांनी मोबाइल खिशात टाकला, वाकून, कुंथत, बर्फातलं मुंडकं उचललं आणि खोक्यावर ठेवलं. एक कान चिरला होता, पण हसू जागच्या जागी होतं.

"आम्ही बोलावलं नव्हतं," शिमसाहेब म्हणाले. "आपणहून आलं."

वरची मंडळी धापा टाकत खाली उतरली. त्यांनी आधी बुटांचे काटे सोडले. बोलायचं ते सभेत बोलतात. मुनबाईंनी मेणबत्त्या लावल्या, इथे लावायला बंदी नव्हती. अध्यक्षांनी पुढे येऊन देवाला उद्देशून निवेदन वाचायचं असतं. बांगसाहेबांनी ते जुन्या पंडिती भाषेत स्वतः लिहिलं होतं आणि आठवडाभर न्हाणीघरात घोकलं होतं. त्यांनी खिशातून कागद काढला. कागद कोरडा होता, घडीही मोडलेली नव्हती. पण चष्मा नव्हता, आणि पंडिती भाषा अशी की चष्म्याशिवाय पाठ म्हणता येणारी नव्हती.

"मी वाचू का?" मुनबाईंनी हळूच विचारलं.

"नको," बांगसाहेब म्हणाले. त्यांनी कागद खिशात ठेवला, मुंडक्याकडे पाहिलं आणि बोलायला लागले.

"डोंगरदेवा, मी बांग तेशिक. देवदार वसाहत. यंदा आमच्यापैकी कुणाला पडू देऊ नकोस. आज मी पडलो ते त्यात धरू नकोस, ते वर्ष सुरू व्हायच्या आधीचं आहे." कुणीतरी फिस्सकन हसलं. "नवव्या मजल्यावरच्या आजींच्या सुनेला नोकरी लागू दे, त्यांनी आगाऊ दिलेलं आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांचे गुडघे सांभाळ." इथे त्यांची नजर शिमसाहेबांवर गेली. "मी तुला वर भेटायला निघालो होतो. ज्यांनी मला या डोंगराची वाट दाखवली ते शिमसाहेब तिथे येऊ शकले नसते. हे माझ्या लक्षात आलं नाही, असं म्हणणार होतो. पण तुझ्यासमोर उभा आहे. लक्षात आलं होतं. आणि मला बरं वाटलं होतं. ते वाईट झालं. आता हे पद जायचं असेल तर जाऊ दे. फक्त मला मंडळात राहू दे. घरी दिवस फार मोठा असतो."

हेसुकबाईंचा पळीचा हात थांबला. घरात दिवस मोठा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. बांगसाहेब तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोनवर इतक्या जोरात बोलत असत! त्या पुढे आल्या, नवऱ्याच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांनीही चटईवर डोकं टेकलं. मंडळाच्या नियमात हे बसत नव्हतं. कुणी हरकत घेतली नाही.

मग रीतीप्रमाणे सगळ्यांनी मुंडक्याच्या तोंडात नोटा खोचल्या, माठातली तांदळाची दारू फिरली, सूप वाढलं गेलं. मुंडकं अजून आतून गोठलेलं असल्याने कापता कापता सुरी वाकली आणि सुपात नुसत्या भाज्याच जास्त आल्या. हेसुकबाई म्हणाल्या, डुक्कर वितळेल तेव्हा रात्री घरी या. हे ऐकून मंडळी खूश झाली.

पण सभा व्हायचीच होती. मुनबाई उभ्या राहिल्या. "पूजा पार पडली. अध्यक्षांबद्दल कुणाला काही म्हणायचं आहे?"

सगळे शिमसाहेबांकडे वळले. शिमसाहेबांनी वाटी खाली ठेवली.

"तुमचा जन्म कोणत्या प्राण्याच्या वर्षातला?" त्यांनी बांगसाहेबांना विचारलं.

"उंदराच्या."

"मी सापाच्या. म्हणजे चांगलाच थोरला." शिमसाहेबांनी घसा साफ केला. "मी तुम्हाला साहेब म्हणतो, तुम्ही मला साहेब म्हणता, आणि दोघांच्याही मनात साहेब नसतो. आता माझ्याच्याने होत नाही. मी नावाने हाक मारीन. चालेल?"

आपल्याला नावाने कोण हाक मारतं, ते बांगसाहेब आठवू लागले. हेसुकबाई त्यांना 'अहो' म्हणत, मुलगी 'बाबा' म्हणे. थोरले भाऊ गेल्यापासून नुसतं 'तेशिक' म्हणणारं या जगात कुणी उरलेलंच नव्हतं. हे त्यांना आजवर कधी जाणवलंही नव्हतं.

"चालेल," ते म्हणाले, तेही अगदी हळू.

"ते ठीक आहे, पण हरकत आहे की नाही?" मुनबाईंनी विचारलं. त्यांना सभेचं काम तडीस न्यायचं होतं.

"आहे ना. मुंडकं फार दात काढून हसतंय. पुढच्या वर्षी या अध्यक्षाने मला मंडईत बरोबर न्यावं. बाकी काही नाही."

ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. या खेपेला टाळ्या पडूनही बांगसाहेबांचं भान सुटलं नाही. दुपार कलली तशी आवराआवर सुरू झाली. "अध्यक्षसाहेब, बस कुठे लावू?" "अध्यक्षसाहेब, हे पातेलं कुणाचं?" चारी बाजूंनी हाका येत होत्या. ज्या शब्दासाठी माणसाने गोठलेला डोंगर चढावा तो शब्द सगळीकडून येत होता, आणि बांगसाहेब आपले पेअरची साल गोळा करण्यात गुंगले होते.

"अरे तेशिक!" चटईवरून शिम ओरडले. "हात दे रे जरा, मला उठवत नाही."

"आलो, दादा!" म्हणत बांगसाहेब बर्फावरून धावत सुटले, आणि मागून हेसुकबाई ओरडल्या, "अहो, सावकाश!"